बर्फवृष्टीत ऱ्होडोडेंड्रॉनचा फोटो

आत्ता दिसतंय ते आमचं अमेरिकेतल्या बफेलोतलं बॅकयार्ड, आणि कुंपणाशी जे गडद हिरवं झुडूप आहे ना ते ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडात ट्रेक केलेल्यांना बुरांश माहिती असेल, त्याच्याच कुळातलं. इथला बराचसा बर्फ लेक ईरीचा, तळं अजून गोठलेलं नसतं, त्यावरून गारठलेला वारा येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आणून ओततो. नोव्हेंबर २०२२ च्या वादळात जवळच्या हॅम्बर्ग गावाला ८० इंचांहून जास्त पडला होता!

आता पानं बघा. थंडी शून्याखाली गेली की ती खाली लोंबायला लागतात, आणि अजून कडाका वाढला की सुरळीच्या वडीसारखी घट्ट गुंडाळली जातात. आज नुसती लोंबलीयेत, म्हणजे फार खाली गेलेलं नाहीये, म्हणूनच एवढे मोठे मोठे ओलसर पुंजके पडतायत. मला हे झुडूप आवडतं ते यासाठीच, फोटो बघूनसुद्धा त्या दिवशी गारठा किती होता ते कळतं.

बर्फ थांबल्यावर फोटो सगळेच काढतात, पण पडत असतानाच काढायला हवा असं मला मनापासून वाटतं. पडणारा बर्फ दिसतो तो मागे काहीतरी काळपट असलं तरच, आभाळापुढे नुसते राखाडी ठिपके येतात, म्हणून मी झुडपामागे कुंपणाचं जुनं लाकूड येईल असा उभा आहे. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर कण हवेत थिजतात, १/३० ला रेघा होतात, मला त्या रेघाच हव्यात कारण जोर त्यांच्यातच दिसतो, ट्रायपॉड मात्र लागतोच. फ्लॅश बंद, नाहीतर पुढचे कण पांढरे गोळे होऊन बसतात. फोकस हातानं, ऑटोफोकस उडत्या कणांमागे धावतो. फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर एक्स्पोजर एखाद स्टॉप, म्हणजे उजेड साधारण दुप्पट, वाढवायचं, कॅमेरा बर्फाला राखाडी करून टाकतो.

जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. घरात जाण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा, म्हणजे दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

आणि झुडपाचंही बघायचं. भुसभुशीत बर्फानं फांद्या वाकल्या असतील तर झाडूनं खालून वर अलगद उचलून तो पाडायचा, पण बर्फाचं कडक कवच चढलं असेल तर अजिबात हात लावू नका, थंडीत फांद्या कटकन मोडतात, आणि टोकाला त्या फुगीर कळ्या दिसतायत ना, त्या पुढच्या फुलांच्या आहेत, बर्फाच्या आधीच धरलेल्या.