स्टेन्सिलवर कापलेली समीक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी सायक्लोस्टाइल यंत्र, म्हणजे मेणकागदावरून प्रती काढणारं जुनं यंत्र, चालवलं असेल, त्यांना त्या शाईचा वास अजून आठवत असेल. टाइपरायटरची फीत बाजूला करायची, म्हणजे अक्षरं थेट मेणकागदावर आपटतात आणि तो कापत जातात. चूक झाली की तिच्यावर दुरुस्तीचा द्रव लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि पुन्हा तेच अक्षर मारायचं. मग कापलेल्या मेणकागदाची ही स्टेन्सिल यंत्रावर चढवायची, एकेक पान काढायचं, आणि शेवटी टेबलाभोवती फिरत पानं जुळवायची. १९६९च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात असाच एक अंक निघाला, 'एसएफ कॉमेंटरी' नावाचा. संपादक होते ब्रूस गिलेस्पी. वयाची बाविशीही त्यांनी गाठली नव्हती. त्या काळात ते व्हिक्टोरिया राज्यातल्या अरारात या गावी शिक्षक होते.

'एसएफ' म्हणजे सायन्स फिक्शन; अंक विज्ञानकथेच्या समीक्षेचा. आवडलं-नावडलं एवढंच सांगून मोकळं होणारी समीक्षा गिलेस्पींना नको होती. इतर कादंबऱ्यांना जो गज लावता तोच इथेही लावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो आजही पटतो. फिलिप के. डिक तेव्हा अमेरिकेत स्वस्त पेपरबॅकांचा लेखक म्हणून ओळखला जायचा. गिलेस्पींनी त्याची एकेक कादंबरी हातात घेतली. डिकची माणसं साधी असतात, दुरुस्तीची कामं करणारी, पगाराची विवंचना असलेली. त्यांच्या पायाखालचं जगच खोटं निघतं, तेव्हा ती काय करतात? गिलेस्पी कथानकाच्या यंत्रापेक्षा या माणसांकडे बघत होते.

पुढे याच नियतकालिकात पोलंडचे विज्ञानकथाकार स्टानिस्वाव लेम यांचे लेख इंग्रजीत येऊ लागले. लेम म्हणजे भीडभाड न ठेवणारे गृहस्थ. अमेरिकी विज्ञानकथेत त्यांना फारसं काही दिसत नव्हतं. अपवाद होता तो डिकचाच. विचार करा, क्राकोतला लेखक कॅलिफोर्नियातल्या लेखकाबद्दल लिहितो आणि ते छापलं जातं मेलबर्नमध्ये, टपालाच्या भरवशावर!

१९७५ साली जागतिक विज्ञानकथा संमेलन पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला भरलं. सन्माननीय पाहुण्या होत्या अमेरिकी विज्ञानकथालेखिका अर्सुला ले ग्विन. त्याच वर्षी गिलेस्पी आणि कॅरी हँडफील्ड यांनी 'नॉरस्ट्रिलिया प्रेस' ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. रॉब जेरँडही त्यांना येऊन मिळाले. पहिलं पुस्तक 'फिलिप के. डिक : इलेक्ट्रिक शेफर्ड'. अंकातलेच लेख, लेमचा निबंध, आणि 'माणूस आणि यंत्रमानव' या विषयावरचं डिकचं स्वतःचं भाषण. डिकच्या कादंबरीवरचा चित्रपट पडद्यावर यायला तेव्हा आणखी ७ वर्षं होती. संमेलनाआधी ले ग्विन यांनी लेखकांची कार्यशाळा घेतली होती, तिच्यातूनही १९७६ साली एक पुस्तक निघालं.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती पुढची गोष्ट. शिक्षण खात्याच्या प्रकाशन विभागात गिलेस्पींचे एक सहकारी होते, जेराल्ड मर्नेन. त्यांची 'द प्लेन्स' ही छोटी कादंबरी नॉरस्ट्रिलियानं १९८२ साली छापली. तिच्यात ना यान, ना परग्रह. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातली विस्तीर्ण मैदानं, तिथले जमीनदार, आणि त्यांच्यावर चित्रपट काढायला आलेला एक माणूस. तो चित्रपट काही निघत नाही. विज्ञानकथेच्या प्रकाशकानं हे का छापावं? कारण समीक्षक म्हणून गिलेस्पी जे शोधत होते, ते इथं होतं : ओळखीची जमीन, आणि तिच्याकडे बघणारी अनोळखी नजर. आज मर्नेन यांचं नाव जगभरचे वाचक घेतात, आणि नोबेलची चर्चा निघाली की त्यांचंही नाव निघतं.

लगेच पुढच्या वर्षी, १९८३ साली, ग्रेग इगन या विशीतल्या मुलाची पहिली कादंबरी नॉरस्ट्रिलियाकडूनच आली. डोक्यातल्या डोक्यात चित्रपट काढणाऱ्या शाळकरी मुलाची ती गोष्ट. हाच इगन पुढे गणित आणि भौतिकशास्त्राच्या खोल पाण्यात उतरणारा विज्ञानकथाकार झाला आणि त्याला विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

नॉरस्ट्रिलिया दहाएक वर्षं चालली. 'एसएफ कॉमेंटरी' मात्र पन्नाशी ओलांडूनही निघत राहिली, आता स्टेन्सिलशिवाय. वाचकांची लांबलचक पत्रं आणि त्यांवर संपादकाचं बोलणं, असं एक सदर तिच्यात वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'मी माझ्या मित्रांशीच बोलत असणार'.

नमस्कार.