जंगलात मेंढपाळ नसतो

श्रोतेहो, नमस्कार. नामशेष होत चाललेल्या रानातल्या जीवांना वाचवायला त्यांची जनुकं बदलावीत का, हा आजचा विषय. सुरुवात घरच्या मेंढीपासून करू.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची 'नारी सुवर्णा' मेंढी आपल्याकडच्या मेंढपाळांना नवी नाही. दख्खनी मेंढीला एका वेताला सहसा एकच कोकरू. बंगालच्या गरोळ मेंढीतलं एक जनुक संकरातून, पिढी दर पिढी कोकरांची रक्ततपासणी करत तिच्यात आणलं आणि जुळी होऊ लागली. पण जुळी कोकरं वजनाला हलकी, आईचं दूध अपुरं. मग वरचं दूध पाजावं लागतं, आईचा खुराक वाढवावा लागतो.

रानातल्या जनावराचं जनुक बदललं, तर हे कोण करणार?

अमेरिकेतलं चेस्टनटचं झाड बाहेरून आलेल्या बुरशीनं जवळपास संपवलं. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून साल मारते. ते आम्ल मोडणारं गव्हातलं जनुक शास्त्रज्ञांनी झाडात बसवलं. कल्पना खरोखर सुंदर. पण डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं, की चाचणीतली रोपं ठरलेल्या 'डार्लिंग ५८' या वाणाची नव्हतीच, 'डार्लिंग ५४' या दुसऱ्याच वाणाची होती. त्यांच्यात गव्हाचं जनुक झाडाच्याच दुसऱ्या जनुकात घुसलं होतं आणि वाढ खुंटत होती. चाचणीतच कळलं हे नशीब. परागकण एकदा रानोमाळ गेले, की माघारी बोलावता येत नाहीत.

पेशी जपून ठेवण्यात मात्र असा धोका नाही. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी. आजचे असे सगळे फेरेट सातच जनावरांचे वंशज. त्या सातांबाहेरची विला नावाची मादी. १९८८ मध्ये गोठवलेल्या तिच्या पेशींपासून २०२० मध्ये क्लोन, म्हणजे तिचीच जनुकीय प्रत, जन्मला. तिच्याच दुसऱ्या क्लोनला, अँटोनियाला, २०२४ मध्ये पिल्लंही झाली.

कोयना-चांदोलीतल्या मेलेल्या जनावरांच्याही पेशी अशा राखता येतील. पशुवैद्यकानं कानाच्या कडेचे केस भादरायचे, जागा सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायची, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा प्रतिजैविक घातलेल्या पोषक द्रावणात टाकायचा आणि चार अंशांवर प्रयोगशाळेत पोचवायचा. चुकतं ते इथंच. तुकडा तसाच फ्रीझरात ठेवला, तर पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पडदे फाटतात. स्पिरिटमध्ये बुडवला, तर डीएनए मिळतो, जिवंत पेशी मिळत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनची पाळी नंतर येते, पेशी वाढवून त्यांत संरक्षक द्रव्य मिसळल्यावर.

म्हणून रानात मेलेलं जनावर दिसलं तर हात लावू नका. लगेच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, जागा आणि वेळ नीट सांगा. उन्हात पडलेल्या कातडीतल्या पेशी फार वेळ तग धरत नाहीत.