गावच्या भिंतीवर आजचं चित्र

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात सहा-सात चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन भरतं, तेव्हा आलेला माणूस दारातच विचारतो, "याचा अर्थ काय जी?" मांडणारेही लगेच अर्थ सांगत सुटतात. तिथंच बिघडतं. अर्थ हाती पडला की माणूस पुढं सरकतो आणि पाहणं राहून जातं. पाय थांबवायचे असतील तर ती सोय भिंतीवरच करावी लागते.

चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर यावा. पोरंच जास्त येणार असतील तर 130 वर. समजा चित्र 60 सेंटिमीटर उंच आहे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 8 सेंटिमीटर खाली येते. मध्य 148 वर हवा, तर 148 मध्ये अर्धी उंची 30 मिळवा, त्यातून 8 वजा करा. खिळा 170 वर. सगळ्यांच्या वरच्या कडा एका रेषेत लावायचा मोह होतो, पण मग लहान चित्रं पार वर जाऊन बसतात. जुना गिलावा खिळा धरत नसेल तर दोन खांबांना आडवा बांबू बांधा. प्रत्येक चित्राला सुतळ्या मात्र दोन. एका सुतळीवर ते पंख्याच्या वाऱ्यानं गरगर फिरतं.

काचेच्या चित्रासमोर ट्यूबलाइट असली की माणसाला आधी स्वतःचंच तोंड दिसतं. उजेड वरून, तिरपा पाडा. जलरंगांवर दारातलं ऊन नको, रंग उडतात. आणि एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छताखाली प्रदर्शन नकोच. ॲक्रिलिक रंग उष्णतेनं मऊ पडतो आणि फुगेवालं प्लास्टिक त्याला चिकटून गोल ठसे उठवतं. आणता-नेताना रंगाला बटर पेपर लावा, फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा.

आता मांडणशिल्प, म्हणजे खोलीत वस्तू मांडून केलेली कलाकृती. समजा, कोणी खोलीच्या मधोमध कापसाचा ढीग घातलाय. आपला शेतकरी तिथं हात बांधून उभा राहील होय? तो चिमूटभर कापूस उचलणार, दोन्ही चिमटींत ओढून धाग्याची लांबी बघणार, सरकी चाचपणार. जाणकाराचं पाहणं म्हणतात ते हेच. त्याला हटकू नका. ढिगाजवळ टोपलीत वेगळा कापूस ठेवा, "हात लावा" असं ठळक लिहा आणि रोज सकाळी तो बदला, कारण हाताच्या घामानं संध्याकाळपर्यंत तो मळतो. बाकी ज्याला हात लावायचा नाही, तिथं तसं लिहा. पाटीच नसेल तर अर्धे लोक घाबरून लांब राहतात आणि उरलेले बोट घालून पाहतात.

किती अंतरावरून पाहायचं, हे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या मुलखाच्या, प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. नाटकाचा रंगवलेला पडदा मागच्या सतरंजीवरून राजवाडा दिसतो, जवळ गेलं की नुसते फराटे. चित्रालाही असंच जवळून-लांबून पाहा. 1924 साली नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरीनं रंगाचे थर चढवत, खरवडत. आपल्या चित्रांना अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेली, म्हटलेलं त्यांना रुचत नसे. अशा चित्रापुढं लांबून एकच रंग वाटतो. दोन हातांवर येऊन मिनिटभर थांबलं, की खालचे थर वर येऊ लागतात. म्हणून चाळीस चित्रं उरकण्यापेक्षा चार निवडा. मांडणाऱ्यांनी मधे एक बाकडं टाकावं. म्हातारी माणसं बसली की आपसूक पाहतात.

अभिप्रायाच्या वहीत "छान आहे"शिवाय काही येत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. पानाच्या वर एकच प्रश्न लिहून ठेवा : "कोणत्या चित्राकडे परत आलात?" आणि पेन दोरीनं बांधा, नाहीतर दुपारपर्यंत तो कोणाच्या तरी खिशात गेलेला असतो.

नमस्कार.