लसणाची फुलं कुणी काढली?

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांनीही काळा झगा घातलेला, सुळे दाखवणारा, माणसांचं रक्त पिणारा तो काउंट पडद्यावर कुठे ना कुठे पाहिलाच असेल. २६ मे १८९७ या दिवशी ही कादंबरी लंडनमध्ये बाहेर पडली. पिवळी कापडी बांधणी, वर लाल अक्षरं, किंमत सहा शिलिंग. तेव्हापासून आजतागायत वाचकांचं तिच्याबद्दल एकमत झालेलं नाही.

महिनाभरातच 'अथेनिअम' या साप्ताहिकानं लिहिलं की गोष्ट सनसनाटी आहे खरी, पण बांधणी कच्ची आणि वाङ्मयीन गुण कमी. पुढे ऑगस्टमध्ये शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांचं स्टोकरला पत्र आलं, की या धर्तीची इतकी उत्तम गोष्ट कित्येक वर्षांत वाचण्यात आली नव्हती. आणि स्टोकरची आई, शार्लट, तिनं लेकाला कळवलं की याच्यापुढे एडगर अ‍ॅलन पो कुठल्या कुठे राहिला! आईचं कौतुक म्हणून हे मत मी बाजूला टाकत नाही. या बाईनं लहानपणी, १८३२ साली, आयर्लंडमधल्या स्लायगो गावात पटकीची साथ डोळ्यांनी पाहिली होती आणि त्या आठवणी मुलासाठी लिहूनही दिल्या होत्या. भीती कशाला म्हणतात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आजचे वाचकही असेच भांडतात. एक जण म्हणतो, पहिली चार प्रकरणं काय ती खरी. तरुण वकील जोनाथन हार्कर काउंटच्या किल्ल्यात अडकतो, आरशात काउंटचं प्रतिबिंब दिसत नाही, काउंट भिंतीवरून पालीसारखा खाली उतरतो. त्यानंतर सगळं पाणचट. दुसऱ्याची तक्रार असते की ज्याच्या नावाचं पुस्तक तो काउंट पुढे दिसतच नाही, सगळा वेळ प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग मोडक्यातोडक्या इंग्रजीत भाषणं देत बसतो. तिसऱ्याला रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं अशी तुकड्या-तुकड्यांची मांडणी नको वाटते. चौथ्याला नेमकी तीच हवी असते. शेवट घाईघाईत उरकलाय, ही तक्रार मात्र सगळेच करतात.

इथे एक विनंती करते. जुनी कादंबरी हातात घेतली की आधी प्रस्तावना वाचू नका. विद्वान मंडळी प्रस्तावनेत गोष्टीचा शेवट सांगून मोकळी होतात, शिवाय कुठे काय वाटून घ्यायचं हेही ठरवून देतात. आधी गोष्ट वाचा, प्रस्तावना नंतर. हे मी आयुष्यभर पाळत आलेय आणि भेटेल त्याला सांगत आलेय.

तर, कॉलेजात असताना मी पहिल्या पक्षात होते. किल्ला वाचला, अंगावर काटा आला, आणि पुढे जोनाथनच्या होणाऱ्या बायकोची मैत्रीण लूसी हिचं आजारपण सुरू झाल्यावर पुस्तक मिटलं. रोज एक बाई फिकट पडतेय, रोज डॉक्टर येताहेत, यात भीतीदायक ते काय, असं मला वाटलं. माझं ते मत माझ्या आत्यानं बदललं. तीच हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

आत्या नर्स होती. तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी नाइट ड्यूटी. ती निवृत्त झाली आणि पुढे तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्याकडे राहायला गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, ठरल्या वेळी थेंब, वाकायचं नाही, वाचायचं तर अजिबात नाही. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "काहीतरी वाचून दाखव गं. भुताखेताचं असलं तरी चालेल, नाइटला मी कशाला भ्यायले नाही." माझ्या पिशवीत हीच कादंबरी होती. मी इंग्रजी वाचायचे आणि मराठीत सांगत जायचे.

(मोठ्यानं वाचणं आपण शाळेबरोबर सोडून दिलंय, हे चुकलंय आपलं. घरात कुणी आजारी असेल तर रोज अर्धा तास वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि वाचणाऱ्याला पुस्तक कळतं.)

किल्ला संपला. आत्या शांत. "बरं आहे," एवढंच म्हणाली. मला जरा वाईट वाटलं. मग लूसी आली, तिचं रक्त कमी होऊ लागलं, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं, आर्थरचं रक्त काढून तिला चढवलं. आत्या खुर्चीत ताठ बसली.

"थांब. कुणाचं रक्त? तपासलं कुठे?"

मी सांगितलं, १८९७ ची गोष्ट आहे, रक्तगट असतात हे कार्ल लँडस्टायनर यांनी त्यानंतर, १९०१ मध्ये मांडलं. आर्थर झाला, मग तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर सीवर्ड, मग खुद्द व्हॅन हेल्सिंग, मग आर्थरचा मित्र क्विन्सी मॉरिस. बारा दिवसांत चौघांचं रक्त, एकीच्या अंगात. आत्या बोटं मोजत होती. "चौघांचं," ती म्हणाली. "क्रॉसमॅच न करता, जुळतं का ते न बघता. बाई, ही पोर काउंटच्या आधी यांच्याच हातून जायची." हसली नाही. खरंच म्हणत होती.

मग आलं १३ सप्टेंबरचं पान. लक्षात ठेवा, १३ सप्टेंबर. व्हॅन हेल्सिंगनं हॉलंडमधल्या हार्लेमहून लसणाची पांढरी फुलं मागवलीत. खिडकीच्या फटींना, दाराच्या चौकटीला ती चोळलीत, फुलांचा हार करून लूसीच्या गळ्यात घातलाय, आणि खिडकी उघडू नकोस असं तिला बजावलंय. काउंटसारख्याला लसूण सोसत नाही म्हणून हे सगळं; पण कशासाठी, ते मात्र सांगितलेलं नाही. सकाळी दोघे डॉक्टर मोठ्या खुशीत घरी येतात. लूसीची आई दारातच भेटते आणि अभिमानानं सांगते, की रात्री मी उठून पोरीला पाहून आले. खोली अगदी कोंदट झाली होती, जिकडेतिकडे उग्र वासाची फुलं, गळ्यातसुद्धा. अशक्त पोरीला तो वास सोसणार नाही म्हणून मी सगळी फुलं काढून टाकली आणि खिडकी थोडी उघडली. मोकळी हवा यावी म्हणून.

प्राध्यापकाचा चेहरा राखेसारखा होतो. आईसमोर तो हसून वेळ मारून नेतो, कारण तिचं हृदय दुबळं आहे आणि तिला धक्का द्यायचा नाही. ती गेल्यावर तो सीवर्डला जेवणाच्या खोलीत ओढतो, दार लावून घेतो आणि ओक्साबोक्शी रडतो.

मी वाचायची थांबले. आत्या बोलेना. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आईला सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "तिला हृदयविकार आहे ना, म्हणून."

"म्हणून काय झालं? नुसतं एवढं सांगायचं, की बाई, फुलांना हात लावू नका, हे औषध आहे. भुताचं नाव घ्यायची काय गरज होती?"

आणि मग तिनं मला तिच्या नोकरीतली एक रात्र सांगितली. इतक्या वर्षांत घरी कधी बोलली नव्हती. सात वर्षांचा मुलगा, सकाळी ऑपरेशन. कॉटला एन. बी. एम. ची पाटी लावलेली, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. उशाशी त्याची आई. पहाटे पोर भुकेनं रडायला लागलं, तर आईनं पिशवीतली बाटली काढून त्याला कपभर दूध पाजलं. दूधच तर आहे, पोट शांत होईल. विचारल्यावर ती "काही दिलं नाही" असंच म्हणाली, कारण तिच्या लेखी ते काही नव्हतंच. भूल दिल्यावर मुलाला उलटी झाली, ती छातीत गेली. पुढचे नऊ दिवस त्याचे धड गेले नाहीत. वाचला तो. "पण त्या आईला सगळे बोलले," आत्या म्हणाली. "पाटीवरची तीन इंग्रजी अक्षरं तिला कुणी समजावली होती? मी पण नव्हती समजावली. माझी ड्यूटी होती. त्या दिवसापासून प्रत्येक नातेवाइकाला मी स्वतः सांगायला लागले. काय करायचं नाही, आणि का करायचं नाही. ते 'का' सांगितलं नाही ना, की माणूस मायेनंच घात करतो."

श्रोतेहो, त्या संध्याकाळी माझ्या हातातलं पुस्तक वेगळंच झालं. मी मागची पानं पुन्हा उलटली. आई आपला हृदयविकार लेकीपासून लपवतेय. लेक आपलं आजारपण आईपासून लपवतेय. व्हॅन हेल्सिंगला संशय आलाय, तो सीवर्डलाही सांगत नाही. एका घरात इतकी माणसं, सगळी एकमेकांवर जीव टाकणारी, आणि कुणीच कुणाला काही सांगत नाही. त्यातच १७ सप्टेंबरची ती तार. आज रात्री लूसीपाशी थांब, चुकू नकोस, असं व्हॅन हेल्सिंग सीवर्डला अँटवर्पहून कळवतो. तारेवर परगण्याचं नाव राहून जातं, ती भलत्याच परगण्यात जाते आणि बावीस तास उशिरा पोचते. त्याच रात्री लांडगा खिडकीची काच फोडतो, आई धक्क्यानं मरते. तीन दिवसांत लूसीही जाते. निरोप पोचला नाही. सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा पोचलं नाही.

आणि म्हणूनच मिना माझी लाडकी. जोनाथनची बायको. ती सगळ्यांच्या रोजनिशा, सीवर्डच्या फोनोग्राफच्या नळकांड्यांवरचं बोलणंसुद्धा, टाइपरायटरवर तीन-तीन प्रतींत उतरवते, तारखेनं लावते, आणि प्रत्येकाच्या हातात ठेवते. पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं कळतं. वाचक या भागाला कंटाळवाणा म्हणतात, मला तो कादंबरीचा कणा वाटतो. आणि लगेच पुरुषमंडळी काय करतात? तुझ्या जिवाला हे सोसणार नाही, म्हणून तिलाच बाहेर ठेवतात. ते शेजारच्या घरात काउंटच्या झोपायच्या, मातीनं भरलेल्या पेट्या मोजत असताना काउंट हिच्या खोलीत शिरलेला असतो. ती फिकट पडतेय हे सगळ्यांना दिसतं, आणि कुणीच ओळखत नाही. हे वाचताना आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "पुन्हा तेच! लूसीवरून शिकले नाहीत?"

शेवटाबद्दल मी वाद घालणार नाही. तो घाईचाच आहे. सूर्य मावळता मावळता जोनाथनची कुकरी काउंटच्या गळ्यावर आणि क्विन्सीचा सुरा छातीत, दोन ओळींत धूळ. आत्यानं विचारलं, "उन्हात जळतो ना तो?" तर नाही. कादंबरीतला काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर फिरतो, दिवसा फक्त त्याची शक्ती कमी असते. सूर्यप्रकाशानं त्याच्यासारख्याचा नाश होणं आलं ते १९२२ च्या जर्मन मूकपटातून.

पुस्तक संपलं तेव्हा मी विचारलं, "किल्ला तुला काहीच भीतीचा वाटला नाही?"

"तिथे तो एकटा होता," ती म्हणाली. "एकट्या माणसाचं काय होणार हे ठाऊकच असतं. इथे उशाशी आई होती, दोन-दोन डॉक्टर होते."

डोळ्याची पट्टी निघाल्यावर, थेंब अजून चालू असतानाच, मी एकदा खोलीत गेले तर आत्या खिडकीपाशी बसली होती. भिंग घेऊन. केसपेपरच्या इंग्रजीवर तीस वर्षं काढलेली बाई, एकेक शब्द बोटाखाली धरून वाचत होती. मी मागून पाहिलं. १३ सप्टेंबरचं पान होतं.

नमस्कार.