तारेपलीकडचा नर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात मी शिकारीला गेले होते. अमेरिकेत, वायोमिंग राज्यात. बंदूक माझ्या हातात नव्हती, माझ्या बारा वर्षांच्या नातीच्या हातात होती. तिचे ते तीन दिवस तुम्हाला सांगावेत म्हणून आज आले आहे.

माझी लेक मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसला असते. जावई तिथलाच, आणि त्यांच्या घरात शिकारीची रीत चार पिढ्यांची. मिनेसोटात हरणं आहेत, पण प्राँगहॉर्न नावाचं हरणासारखं जनावर नाही. म्हणून परवाना मिळेल त्या वर्षी आमचे व्याही सगळा गोतावळा दोन गाड्यांत घालून निघतात, अख्खं साउथ डकोटा आडवं ओलांडतात आणि वायोमिंगमधल्या थंडर बेसिन नावाच्या सरकारी गवताळ माळाजवळ तळ टाकतात. जवळजवळ १२०० किलोमीटर. मी सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. कडक भाकरी प्रवासात किती दिवस टिकते ते तुम्हाला सांगायला नको. साउथ डकोटा संपेपर्यंत व्याह्यांच्या घरची पोरंसुद्धा ती चटणीबरोबर मोडून खायला लागली होती.

प्राँगहॉर्न कसा दिसतो? अंग तांबूस, पोट पांढरं, गळ्यावर पांढरे पट्टे आणि पुठ्ठ्यावर मोठा पांढराशुभ्र डाग. नराच्या शिंगाला मध्येच पुढे एक फाटा फुटलेला. शिंगावरची काळी खोळ दरवर्षी गळते आणि नवी येते. तिकडचे शिकारी त्याला लाडानं शेळी म्हणतात, पण तो शेळी नाही आणि खरं हरीणही नाही. त्याच्या कुळातला तो एकटाच उरला आहे. आजचे त्याचे जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि ओकापी.

धावतो ताशी ८८ किलोमीटरपर्यंत. आज तिथे धावण्यात त्याला गाठील असा एकही प्राणी नाही. मग एवढा वेग कशाला? काही अभ्यासक सांगतात की हजारो वर्षांपूर्वी त्या माळावर चित्त्यासारखं एक जनावर होतं. ते संपलं, पण त्याच्या भीतीनं कमावलेला वेग याच्या पायांत राहिला. हे ऐकलं तेव्हा मला आपला काळवीट आठवला. आपल्या माळावरचा चित्ताही गेला, १९५२ साली तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट मात्र अजून तसाच उधळतो. नान्नजच्या माळावर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

आणि हो, माळाला पडीक म्हणू नका. माझी हात जोडून विनंती आहे. सातबाऱ्यावर काहीही लिहिलेलं असो, माळ पडीक नसतो. तिथे गवत आहे, गवतात किडे आहेत, किड्यांवर माळढोक जगत आला आहे. प्लॉट पाडायला निघालेल्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं.

असो. प्राँगहॉर्नची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो तारेच्या कुंपणावरून सहसा उडी मारत नाही. एवढा चपळ, पण उडी मारत नाही. गुडघे टेकतो, अंग चोरतो आणि तारेखालून सरपटत जातो. म्हणून तिकडचे समजूतदार शेतकरी कुंपणाची सर्वांत खालची तार बिनकाट्याची ठेवतात आणि जमिनीपासून चांगली दोन वीत वर घेतात. उडी मारत नाही, खालून जातो. ठेवलंत लक्षात?

परवान्याचं थोडक्यात सांगते. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला आधी अर्ज करावा लागतो, मग सोडत निघते, जूनच्या मध्याला निकाल. मोठ्या माणसाला तीनशेहून जास्त डॉलर पडतात. ते पैसे वन्यजीव खात्याकडे जातात. शिवाय बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, तोही १९३७ च्या कायद्यानं मुख्यतः वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न काही हजारांवर आला होता. आज लाखांत आहे, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या वायोमिंगमध्ये. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं काळविटाची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथली गणितं वेगळी, इथली वेगळी.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ.

रात्री बादलीतलं पाणी गोठलं होतं. वारा असा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. सगळ्यांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटं, शिकाऱ्यांना अशा भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा एक तरी कपडा कायद्यानं सक्तीचा. माझ्याही अंगात एक दिलं होतं. आणि कानांना वारं लागू नये म्हणून डोक्याला मी यजमानांचा पंचा गुंडाळला होता. पांढरा, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पंचा माझ्याबरोबर असतो.

त्या भागात सरकारी आणि खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मिसळलेली आहे. सरकारी जमिनीवर परवानेवाल्याला शिकार करता येते. खाजगीवर मालकाच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. व्याह्यांच्या फोनवर नकाशा होता, त्यात हद्दीची रेघ. आमच्या समोर ती रेघ आणि तारेचं कुंपण एकाच जागी होतं. अलीकडे सरकारी, पलीकडे खाजगी. आदल्या संध्याकाळी व्याह्यांनी मला तिथे नेऊन दाखवलं होतं. तारेखालची माती घासून गुळगुळीत झालेली, आणि तारेला पांढरे केस अडकलेले. त्यांची रोजची वाट. रोज इथूनच खालून यायचे.

उजाडायच्या आत आम्ही एका उंचवट्याआड जाऊन पडलो. नात पुढे, पोटावर, बंदूक दोन पायांच्या टेकूवर. तिच्या डाव्या हाताला व्याही. मी मागे. सूर्य वर आला तसा कळप दिसला. तारेपलीकडे, चांगला अर्धा किलोमीटर लांब. दहाबारा माद्या आणि एक नर. चरत होते. तासभर नुसते चरत होते.

वाऱ्यानं माझ्या पंच्याचं टोक सुटलं. ते बांधायला म्हणून मी पंचा सोडला आणि तो हातातच फडफडायला लागला. मी घाईनं गोळा करणार, तोच व्याह्यांनी मागे न बघता हात वर केला. राहू दे. तसाच राहू दे.

तो नर मान वर करून बघत होता.

मग चालत यायला लागला. वीस पावलं यायचा, थांबायचा, बघायचा. बाजूला वळायचा, जाणार असं वाटायचं, पुन्हा यायचा. नंतर व्याह्यांनी सांगितलं की पांढरं काही हललं की या जनावराला बघितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्यात एकमेकांना इशारा द्यायचा तो पुठ्ठ्यावरचे पांढरे केस फुलवूनच. जुने शिकारी मुद्दाम काठीला फडकं बांधून बसायचे. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपली हात वर धरून बसले होते. खांदा भरून आला होता, पण हात खाली घेतला नाही.

नर तारेपाशी आला. आमच्यापासून ऐंशी पावलं. त्याचे डोळे मला दिसत होते, काळे, मोठे, बाजूला आलेले. त्यानं मान खाली घातली. पुढचा एक गुडघा वाकवला. आता येणार. आता खालून येणार.

आला नाही. तसाच उभा राहिला, आडवा, पूर्ण उघडा. ऐंशी पावलांवर.

नातीची पाठ श्वासाबरोबर वरखाली होताना मला दिसत होती. बोट चापावर नव्हतं, बाजूला सरळ ठेवलेलं होतं. आजूबाजूला मैलभर घर नाही, रस्ता नाही, माणूस नाही. व्याही काही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग नर वळला, पुठ्ठ्यावरचे सगळे केस फुलले, आणि बघता बघता तो त्या माळावर ठिपका होऊन गेला.

नातीनं बंदुकीतलं काडतूस काढलं, खिशात ठेवलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आज्जी, तो अलीकडे आलाच नाही." डोळे भरले होते. व्याह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थर्मासमधली पहिली कॉफी तिला दिली. तोवर त्या घरात पहिला कप नेहमी त्यांचा असायचा.

श्रोतेहो, मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. परीक्षेला वर्गात तीन-तीन पर्यवेक्षक उभे करून काय साधतं हे मला कधीच कळलं नाही. ती मुलगी त्या माळावर कोणाच्या भीतीनं थांबली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला मादी मिळाली. त्याच वाटेनं तारेखालून अलीकडे आलेली. एक गोळी, जागच्या जागी. आम्ही जवळ गेलो तेव्हा मी हात जोडले, माझं बघून तिनंही जोडले. परवान्याच्या चिठ्ठीवर तारीख घालून सही तिनंच केली आणि ती चिठ्ठी जनावराला बांधली. पुढचं काम घाईचं. कातडं लगेच काढायचं आणि मांस लगेच थंड करायचं. लगेच म्हणजे लगेच. याला उशीर झाला की मांसाला वास येतो, मग लोक प्राँगहॉर्नला नावं ठेवतात. त्याचे केस पोकळ असतात, हात लावला की मूठभर सुटून येतात, आणि सगळ्या अंगाला त्या माळावरच्या सेजब्रश झुडपाचा कडवट वास.

रात्री विहीणबाईंनी पाठीचं मांस नुसतं लोण्यावर, मीठ-मिरी घालून परतलं. मी राहिलेल्याचं काळ्या मसाल्यातलं सुकं केलं. कांदा-खोबरं भाजायला तिथे चूल नव्हती, गॅसच्या छोट्या शेगडीवर भागवलं. पातेलं पुसून निघालं.

निघताना पंचा नातीनं मागून घेतला. तो आता तिच्या शिकारीच्या पिशवीत असतो, नारिंगी जाकिटाबरोबर घडी घालून. परवा तिचा फोन आला होता. यंदाचा अर्ज भरलाय म्हणाली, आणि जूनच्या मध्याला निकाल लागला की पहिला फोन आज्जीला करणार आहे.

नमस्कार.