कंगवा आधी, पाणी नंतर

नमस्कार. टेबलावर शाम्पूची बाटली मुद्दामच मागे ठेवली आहे आणि हा धातूचा कंगवा पुढे. कुत्र्याच्या आंघोळीचा विषय निघाला की पहिला प्रश्न शाम्पूचाच येतो. पण घरच्या आंघोळीत जे बिघडतं, ते बहुतेक वेळा अंगावर पाणी पडायच्या आधी किंवा नळ बंद केल्यानंतर बिघडतं. म्हणून सुरुवात कंगव्यापासून.

केसांचे ढोबळ दोन प्रकार लक्षात ठेवा. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन, हस्की यांच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ केस आणि आत दाट, मऊ लव. ही लव ठरावीक काळाने भरपूर गळते. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल यांचे केस मात्र वाढतच राहतात आणि सुटलेला केस खाली न पडता शेजारच्या केसांत अडकतो. तिथेच जट धरते. पहिल्या प्रकारात सुटलेली लव काढून टाकायची, दुसऱ्यात गुंता होऊ द्यायचा नाही आणि वेळच्या वेळी केस कापायचे, हा कामातला फरक. डॉबरमन, बॉक्सरसारख्या आखूड केसांना रबरी ब्रश पुरतो. एक विनंती कळकळीची आहे: उकडतं म्हणून दोन थरांच्या कुत्र्याचं मुंडण करू नका. वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो, आणि तो भादरला की काही वेळा केस ठिगळाठिगळांनी उगवतात किंवा महिनोन्‌महिने उगवतच नाहीत.

आता विंचरणं. बहुतेक जण पाठीवरून ब्रश फिरवतात, वरचे केस चमकतात आणि काम झालं असं वाटतं. खाली कातडीजवळ गुंता तसाच असतो. म्हणून ओळीओळीने जायचं. एका हाताने केस वर उचलून धरा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेजवळचा केसांचा पातळ पदर खाली सोडा आणि मुळापासून टोकापर्यंत ब्रश करा. मग बोटभर वर दुसरा पदर. पायाच्या पंजापासून सुरू करून वर चढत जायचं. बारीक तारांचा स्लिकर ब्रश वापरत असाल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढून पाहा. ज्या दाबाने तुम्हाला टोचलं, तो दाब कुत्र्याला नको.

ब्रश झाल्यावर हा कंगवा. ब्रश गुंत्यावरून सरकून जातो, कंगवा तिथे अडतो. कातडीपाशी टेकवून टोकापर्यंत न अडखळता निघाला तरच ती जागा मोकळी समजा. अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली, म्हणजे जिथे जिथे घासलं जातं तिथे.

जट सापडली तर ती कोरडी असतानाच सोडवायची. ओली झालेली गाठ सुकताना आवळत जाते, शाम्पू आत कोंडतो आणि खालची कातडी ओलसर राहते. गाठीचं मूळ चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. मग कंगव्याच्या कडेच्या दातांनी टोकाकडून आत, थोडे थोडे केस मोकळे करत या. कात्री मात्र लावू नका. जटेबरोबर कातडीही तंबूसारखी वर ओढली जाते, केसांत ती दिसत नाही आणि कात्रीत सापडते. कातडीला चिकटलेली जट क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने काढावी. 10 नंबरचं पातं साधारण 1.5 मिलिमीटर केस ठेवतं आणि या कामाला तेच बरं. पातं तापतं, दर काही मिनिटांनी हाताला लावून पाहा. अंगभर जटा असतील तर घरी झटापट करू नका, पशुवैद्याकडे न्या.

आता पाणी. पायाखाली रबरी मॅट हवीच. कुत्री पाण्यापेक्षा घसरण्याला जास्त घाबरतात. पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊब जाणवेल इतकंच. मानेपासून मागे भिजवत जा, डोकं शेवटी आणि तोंड तर ओल्या फडक्यानेच पुसा. डोक्यावर पाणी पडलं की कुत्रं अंग झाडतं, म्हणून हा क्रम. दाट लव पाणी आत येऊ देत नाही. शॉवर किंवा पाण्याचा मग अंगाला टेकवून, बोटांनी केस फाकत दोन-तीन मिनिटं भिजवावं लागतं.

माणसांचा शाम्पू नको. आपल्या कातडीचा पीएच साधारण 5.5 असतो, कुत्र्याचा 7 च्या आसपास, आणि त्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. शाम्पू पातळ करून घ्या. बाटलीवर 1:10 लिहिलं असेल तर एक भाग शाम्पू, दहा भाग पाणी. घट्ट शाम्पू एकाच जागी बसतो आणि धुताना निघत नाही. औषधी शाम्पू असेल तर फेस झाल्यावर घड्याळ लावून 10 मिनिटं ठेवावा, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तितका वेळ. लगेच धुतला तर औषधाचा उपयोग होत नाही. टी ट्री तेल घालायचा मोह टाळा, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. मानेवर गोचीड-पिसवांचं औषध लावायचं असेल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

फेस करायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुण्याला द्या. पाणी खाली वाहतं, म्हणून फेस काखेत, जांघेत, पोटाखाली आणि बोटांच्या बेचक्यांत साठतो. केस मुठीत पिळून बघा. निथळणारं पाणी अगदी स्वच्छ दिसलं पाहिजे. राहिलेला शाम्पू दोन दिवसांनी खाज आणतो. घरच्यांना वाटतं कुत्रं मळलं आहे, पुन्हा आंघोळ होते, कातडी आणखी कोरडी पडते आणि खाज वाढते. निरोगी कुत्र्याला सहसा चार ते सहा आठवड्यांनी एक आंघोळ पुरते.

टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. घासलं की लांब केसांत नवा गुंता होतो. ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, वीतभर लांब, सतत हलता ठेवा आणि झोताखाली आपला हात असू द्या. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवेचा त्रास लवकर होतो. धापा वाढल्या की थांबा. केस फाकून कातडीला बोट लावा, गार लागली तर आत अजून ओल आहे. ही ओल राहिली की काही तासांत लालभडक, चिकट, ओलसर चट्टा उठू शकतो. कुत्रं तो चाटत सुटतं आणि चट्टा पसरतो.

कानाची नळी आत वळलेली असते, त्यामुळे गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. कान साफ करायचं औषध कानात घालून कानाचं बूड बाहेरून अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झाडू द्या आणि वर आलेला मळ कापसाने टिपा. काडी आत घालू नका, मळ खोल ढकलला जातो. दुर्गंध किंवा काळपट स्राव असेल तर तपासून घ्या.

शेवटी नखं. पांढऱ्या नखात रक्तवाहिनी गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून काळं नख कागदाइतक्या पातळ चकत्यांनी कापायचं आणि प्रत्येक कापानंतर कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, पांढुरका, भुसभुशीत असतो. मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं, त्यामागे रक्तवाहिनी आहे. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून पाच मिनिटं धरा, मध्ये उचलून पाहू नका. नखं फार वाढली असतील तर एका दिवसात आखूड करू नका. दर आठवड्याला थोडं कापलं की रक्तवाहिनीही मागे सरते. आणि पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं अंगठ्याचं नख पाहायला विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. केसांत लपून गोल वळतं आणि मांसात शिरतं. पंजा हातात घेतला की आधी तेच चाचपा.