होडीची वंशावळ

मंडळी, त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये आडनाव विचारतात, गाव विचारतात, आणि जुनी वही उघडून पणजोबांची सही आपल्यापुढे धरतात. शिडाच्या जुन्या डिंगीचीही, म्हणजे छोट्या उघड्या होडीचीही, अशी वही असते. ती लाकडात असते.

इंदुरात समुद्र नाही. पण आपल्यातले जे एनसीसीच्या नौदल शाखेतून भोपाळच्या मोठ्या तलावावर गेले, त्यांना एंटरप्राइज आठवेल. निळ्या शिडांची, दोघांनी हाकायची डिंगी. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये तिचा आराखडा केला. अशीच एक लाकडी होडी खरवडायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. वर पांढरा रंग, खाली हिरवा, त्याखाली फिकट निळा. निळाही निघाला, तेव्हा आतल्या बाजूला, तळाच्या मधल्या लाकडावर पटाशीनं कोरलेला आकडा दिसला. आणि शिडावरचा आकडा वेगळाच! मी कितीतरी वेळ त्या खाचेवरून बोट फिरवत बसलो होतो.

शीड चार-सहा हंगामांत विरतं, ते बदलतात, कधी दुसऱ्या होडीचं लावतात. होडीला क्रमांक मात्र एकदाच मिळतो. म्हणून बऱ्याच जुन्या वर्गांत, म्हणजे एकाच प्रकारच्या होड्यांच्या गटांत, तो लाकडातच कोरायचा नियम आहे. इंग्लंडमधल्या अनेक वर्गांत होडी विकली की मोजमापाचा, म्हणजे ती वर्गाच्या नियमांत बसते असं सांगणारा, जुना दाखला बाद होतो आणि नव्या मालकाला तो आपल्या नावानं काढावा लागतो. त्यामुळे प्रत्येक विक्रीची नोंद कुठंतरी राहते. क्रमांक हाती असला की या नोंदींतून एकामागून एक मालक सापडत जातात. पण एखाद्यानं शर्यती सोडून होडी वीस वर्षं गोठ्यात पालथी घातली, की तिथं धागा तुटतो.

१९२८ ची ‘ॲव्हेंजर’ घ्या. उफा फॉक्स यांनी आखलेली ही होडी त्या हंगामात ५७ शर्यतींत उतरली आणि ५२ जिंकली. तिचं नाव कोण विसरणार? मला काळजी आहे ती साध्या होड्यांची. १९६० च्या दशकात आलेली ‘मिरर’, लाल शिडाची; तिचे प्लायवूडचे कापलेले तुकडे घरी आणून तांब्याच्या तारेनं टाचायचे आणि सांधे रेझिनच्या पट्टीनं बुजवायचे. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. म्हणजे पुष्कळ होड्यांचा पहिला मालक हाच त्यांचा सुतार! एखादा सांधा जरा वाकडा असेल, तर तो त्याच्या हाताचा आहे. नवा मालक तो घासून सरळ करतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. विकताना खरेदीची पावती, जुना दाखला, एखादा फोटो होडीबरोबर द्यावा, एवढंच माझं मागणं आहे.

आमची होडी पुन्हा रंगवली, तेव्हा सरांना विचारून त्या आकड्यापुरती वीतभर जागा मी सोडली. तिथं नुसतं वार्निश लावलं.